परीक्षेला बसायला एक खुर्ची मिळेल का?

अमेरिकेत हायस्कूलच्या पोरांसाठी गणिताची जी सगळ्यात मोठी स्पर्धा असते, एएमसी, तिचा विषय मराठी घरांत निघाला की बोलणं लगेच स्कोअरवर जातं. कटऑफ किती लागला, कुठला क्लास लावलाय, अमक्याच्या मुलाचं काय झालं. पण शिकागो, न्यू जर्सी, बे एरियापासून लांब राहणाऱ्या आमच्यासारख्यांचं घोडं त्याच्या कितीतरी आधी अडतं. पोरगी तयार आहे, जुने पेपर सोडवून झालेत, तारीख जाहीर झालीये, आणि परीक्षा द्यायला जागाच नाही. म्हणजे एक खोली, एक खुर्ची आणि पेपर वाटणारं एक मोठं माणूस, एवढंच लागतं, पण तेवढंही मिळत नाही. हे इतक्या घरांत घडतंय आणि त्यावर मराठीत कुणी धड लिहिलेलं मला तरी दिसलं नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिका, म्हणजे एमएए, ही स्पर्धा घेते. सुरुवात १९५० साली न्यूयॉर्क भागात झाली आणि त्याच दशकात ती देशभर पसरली. आता तिचे तीन भाग आहेत, एएमसी ८, एएमसी १० आणि एएमसी १२. दहावीपर्यंतची मुलं १० देतात, बारावीपर्यंतची १२. ह्या दोन्हींत पंचवीस प्रश्न, ७५ मिनिटं, प्रत्येकाला पाच पर्याय, कॅल्क्युलेटर नाही. बरोबर उत्तराला ६ गुण, कोरं सोडलं तर दीड, चुकलं तर शून्य. पूर्वी फेब्रुवारीत व्हायची, २०२१ पासून नोव्हेंबरमध्ये आली. दरवर्षी ए आणि बी असे दोन वेगळे पेपर वेगवेगळ्या दिवशी असतात, जमलं तर दोन्ही देता येतात.

इथून पुढे सगळी साखळी आहे. चांगले गुण पडले तर एआयएमई, ज्याला पोरं 'एमी' म्हणतात, तीन तासांत पंधरा प्रश्न आणि प्रत्येकाचं उत्तर ० ते ९९९ मधली पूर्ण संख्या. त्यातून पुढे यूएसएजेएमओ किंवा यूएसएएमओ, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय ऑलिम्पियाड, तिथे दोन दिवसांत नऊ तास बसून सहा प्रश्नांच्या सिद्धता लिहायच्या. त्यातून निवडलेली मुलं उन्हाळ्यात पिट्सबर्गला कार्नेगी मेलनमध्ये ट्रेनिंगला जातात आणि सरतेशेवटी सहा जणांची टीम आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडला. मुलींसाठी मॅथ प्राईझ फॉर गर्ल्स म्हणून मोठी स्पर्धा आहे, तिच्या अर्जाला एएमसीचा स्कोअर लागतो. एमआयटीच्या अर्जातही हा स्कोअर देता येतो. म्हणजे नोव्हेंबरातल्या त्या एका सकाळी ज्या मुलीला खुर्ची मिळाली नाही तिच्यासाठी ही सगळी दारं त्या वर्षापुरती बंद, आणि तिला गणित येतं की नाही हे कुणी विचारलेलंही नसतं. मला राग येतो तो ह्याचाच.

आता जागा का मिळत नाही ते सांगते. ह्या परीक्षेला मुलाला स्वतःचं नाव स्वतः घालता येत नाही. शाळेने किंवा तशाच एखाद्या शैक्षणिक संस्थेने रजिस्टर करायचं, तिथल्या कुणीतरी 'कॉम्पिटिशन मॅनेजर' व्हायचं, पेपर दहा-दहाच्या गठ्ठ्यात घ्यायचे, खोली ठरवायची, पर्यवेक्षण करायचं, उत्तरपत्रिका परत पाठवायच्या. आईबापांनी घरी डायनिंग टेबलवर आपल्याच पोराची परीक्षा घ्यायची नाही, आणि ते बरोबरच आहे. पण ह्याचा अर्थ असा की सगळं त्या एका माणसावर येऊन ठेपतं. ज्या शाळेत असा माणूस आहे तिथल्या पोरांना कळतही नाही की ह्यात काही अडचण असू शकते, वर्गात चिठ्ठी येते, अमुक वारी दुसऱ्या तासाला लायब्ररीत जमा, झालं. आणि ज्या शाळेत नाही तिथल्या मुलाला अशी काही स्पर्धा असते हेच माहीत नसतं.

आम्ही इलिनॉयमध्ये पियोरियापासून पाऊण तासावर एका छोट्या गावात राहतो. पियोरिया म्हटलं की जुन्या मराठी मंडळींना कॅटरपिलर आठवतं, पुण्याकडचे कितीतरी मेकॅनिकल इंजिनियर ह्या कंपनीमुळे इथे आले. मग कंपनीचं हेड ऑफिस आधी शिकागोजवळ डीअरफील्डला गेलं आणि नंतर टेक्सासला, काही घरं त्याबरोबर हलली. राहिलेल्यांत हायस्कूलच्या वयाची, गणिताचं वेड असलेली पोरं मोजकीच. आमच्या गावच्या शाळेत फुटबॉल आहे, बँड आहे, शेतीचा क्लब तर फार सुंदर चालतो, मका-सोयाबीनचा मुलूख आहे हा. शिक्षक मनापासून शिकवतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एएमसी नाही.

काउन्सेलरबाईंना विचारलं तेव्हा त्यांनी आधी ते एसीटीसारखं, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेसारखं, काहीतरी असेल असं समजून मला एक लिंक पाठवली. मग मी नीट समजावून सांगितलं, त्यांनी गणिताच्या डिपार्टमेंटला विचारलं, तिथून उत्तर आलं की ह्या वर्षी कुणाकडे वेळ नाही. ह्यात कुणी वाईट वागलं असं नाही. सहा-सहा तास शिकवणाऱ्या, वर संध्याकाळी मुलींच्या व्हॉलीबॉलला उभ्या राहणाऱ्या बाईंना एका मुलीसाठी आणखी एक काम घ्या म्हणताना मलाच अवघडल्यासारखं झालं होतं.

मग बाहेर शोधाशोध. एमएएच्या साईटवर बाहेरच्या मुलांना घेणाऱ्या ठिकाणांची माहिती मिळते, ती चाळली तर आमच्याजवळचं फार काही निघेना. मग मी आजूबाजूच्या शाळांना ईमेल लिहायला लागले. जे उत्तर देत ते बहुतेक सौजन्याने नाही म्हणत. फक्त आमच्याच विद्यार्थ्यांसाठी आहे. बाहेरच्या मुलाला शाळेच्या वेळात बिल्डिंगमध्ये घेता येत नाही, सिक्युरिटी. इन्शुरन्सचा प्रश्न येतो. पेपर मोजकेच घेतलेत. एका ठिकाणी तर हो म्हणाले आणि मग परीक्षा दोन आठवड्यांवर आलेली असताना कळवलं की प्रिन्सिपलनी परवानगी नाकारली. लेकीला ते सांगायचं काम माझ्याकडे आलं. ती काही बोलली नाही, फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिने त्या तारखेभोवती केलेला गोल होता तो तसाच राहिला, पुढचा महिना उलटेपर्यंत.

शिकागोच्या उपनगरांत काही खाजगी क्लासवाले बाहेरच्या मुलांना फी घेऊन बसवतात, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काकूंनी नंबर दिला. आमच्यापासून तीन तास. पेपर असतो आठवड्याच्या मधल्या वारी, म्हणजे दोघांपैकी एकाची सुट्टी, तिची शाळेची रजा, आदल्या रात्री हॉटेल. आम्हाला ते परवडलं असतं हे मी मान्य करते, बऱ्याच जणांना नसतं परवडलं. आमच्या गावात एक शेतकरी कुटुंब आहे, त्यांचा मुलगा माझ्या लेकीहून गणितात सरस आहे असं लेक स्वतः सांगते, त्याच्या घरचे नोव्हेंबरात कापणी आटोपून धान्य वाहून नेण्याच्या गडबडीत असतात. त्याला शिकागोला कोण नेणार? त्याने ह्या स्पर्धेचं नाव आमच्या घरी पहिल्यांदा ऐकलं.

ह्या सगळ्यात मला सारखी आपल्याकडची स्कॉलरशिपची परीक्षा आठवत होती. आमच्या वेळी चौथीला आणि सातवीला असायची, २०१७ पासून काही वर्षं पाचवी-आठवीला होती. फॉर्म शाळाच भरायची. बाई वर्गात नावं घ्यायच्या, ज्याचं आवरलं नसेल त्याच्या घरी निरोप जायचा, हॉल तिकीट यायचं, त्यावर सेंटरचं नाव आणि बैठक क्रमांक. सेंटर तालुक्याच्या गावी असलं तर गुरुजी आम्हा सगळ्यांना एसटीत घालून घेऊन जायचे, पेपर सुटेपर्यंत पटांगणात थांबायचे, मधल्या सुट्टीत डबा खाल्ला का विचारायचे. बेंचवर खडूने नंबर लिहिलेला असायचा. माझा नंबर, माझं बाक. ते बाक कुणाकडे मागावं लागतंय, कुणाच्या मेहेरबानीवर मिळतंय, असा विचार मनाला शिवलाही नाही, आमच्यातल्या सगळ्यात गरीब घरच्या पोराच्याही नाही.

त्या व्यवस्थेत दोष होते, पाठांतर होतं, गाईडं होती, रट्टा मारून मेरिटमध्ये येणारे होते. तरी सरकारी यंत्रणेने प्रत्येक पोराला एक बाक द्यायचं हे गृहीत धरलं होतं, आणि ही फार मोठी गोष्ट आहे हे मला इथे येऊन, चाळिशीत समजलं.

आणि आपल्याकडेही वरच्या स्पर्धांना हे गृहीत धरता येत नाहीच. भारतात गणित ऑलिम्पियाडची पहिली पायरी म्हणजे आयओक्यूएम, सप्टेंबरमध्ये होते, तीन तासांत तीस प्रश्न, उत्तरं दोन अंकी. तिथून आरएमओ ही विभागीय फेरी, मग जानेवारीत आयएनएमओ ही राष्ट्रीय, आणि सगळ्याचं सूत्र मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा सेंटरकडे. आरएमओला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक विभाग. पुण्यात असाल तर भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था आहे, गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली उभी केलेली, तिथे ऑलिम्पियाडसाठी घडलेल्या पोरांच्या पिढ्या आहेत. पण माझा भाचा तालुक्याच्या गावी शिकतो, त्याच्या शाळेत आयओक्यूएमचं नाव कुणी काढलेलं नव्हतं, माझ्या भावाने मग जिल्ह्याच्या गावी सेंटर असलेली शाळा शोधून, तिथल्या सरांना भेटून, त्याचं नाव घातलं. इकडे मी ईमेल लिहितेय आणि तिकडे भाऊ मोटरसायकल काढून शाळांच्या ऑफिसांत जाऊन बसतोय. फोनवर आम्ही दोघं एकमेकांना आपापल्या हकिगती सांगायचो आणि त्या इतक्या सारख्या असायच्या की शेवटी शेवटी आम्ही फक्त "मिळालं का?" एवढंच विचारायचो.

कुणी म्हणेल, एवढी धडपड कशाला, गणित घरी बसून करता येतं की. करता येतं आणि लेक करतेच. पण ह्या प्रश्नांची जात वेगळी आहे. एक उदाहरण देते, पेपरमधलं नाही, त्याच वळणाचं. १/क्ष + १/य = १/६, क्ष आणि य धन पूर्णांक, तर (क्ष, य) अशा किती जोड्या, क्रम उलटला तर जोडी वेगळी धरून? शाळेच्या सवयीने माणूस एकेक आकडा घालून बघायला लागतो, ७ घातला तर ४२ येतो, ८ घातला तर २४, आणि आपण कुठे थांबायचं, काही राहून तर गेलं नाही ना, ही धाकधूक राहते. लेकीनेही तसंच सुरू केलं होतं. मग तिने छेद काढून टाकले, सगळं एका बाजूला आणलं, आणि थोडा वेळ पेन्सिल हातात धरून नुसती बघत बसली. आणि मग दोन्ही बाजूंना ३६ मिळवले. बस. डावीकडे (क्ष − ६)(य − ६) तयार झालं, उजवीकडे ३६. आता प्रश्न एवढाच की ३६ चे विभाजक किती, ते आहेत नऊ, म्हणून जोड्या नऊ, एकही राहिली नाही, एकही जास्त नाही. तो ३६ कुठून आला? कुणी दिला नव्हता. तिचा चेहरा त्या क्षणी असा झाला होता की मी भांडी तशीच सोडून तिच्याशेजारी जाऊन बसले आणि म्हटलं मला परत दाखव.

असे पंचवीस प्रश्न, पाऊण मिनिट कमी-जास्त नाही, प्रत्येकी तीन मिनिटं, आणि कुठला सोडायचा हेही ठरवायचं. डोळे मिटून खूण केली तर पाचात एक बरोबर येणार, म्हणजे सरासरी १.२ गुण, कोरं सोडलं तर दीड. एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं तर दोन्ही सारखं, दोन पर्याय बाद करता आले तर खूण करणं फायद्याचं. चौदा-पंधरा वर्षांचं पोर घड्याळाकडे बघत हे सगळं मनात तोलतंय, आणि आजूबाजूला आणखी काही पोरं माना खाली घालून तेच करतायत. लेकीला हवं होतं ते हे शेवटचं. आपल्यासारखं आणखी कुणी आहे हे बघायचं होतं तिला. घरच्या टेबलावर ती गोष्ट मिळत नाही, कितीही चांगली पुस्तकं आणून द्या.

बरं, ज्यांना जागा मिळतच नाही त्यांच्यासाठी दोन नावं सांगून ठेवते. यूएसएएमटीएस म्हणून स्पर्धा आहे, १९८९ पासून चालू आहे, घरी बसून करायची, तीन फेऱ्या, दर फेरीत पाच प्रश्न, महिनाभर विचार करायचा आणि पूर्ण सिद्धता लिहून पाठवायची. तपासणारे खाली शेरे लिहून देतात. माझ्या मते मुलाला गणित लिहायला शिकवणारी ह्याहून चांगली गोष्ट नाही. दुसरी पर्पल कॉमेट, ऑनलाईन, फुकट, टीमने करायची. पण ह्यांच्यामुळे एएमसीची जागा भरून निघत नाही, कारण ती वरची साखळी मुख्यतः एएमसीपासून सुरू होते.

आम्हाला जागा मिळाली ती एका सरांमुळे. दीड तासावरच्या एका गावातली सरकारी शाळा, आमच्याहून थोडीशीच मोठी. मी ईमेल लिहिला त्याच दिवशी संध्याकाळी उत्तर आलं, दोन ओळी, "आमच्याकडे पेपर शिल्लक असतात. तिला घेऊन या." मी ते नवऱ्याला वाचून दाखवलं, मग परत एकदा वाचलं. नंतर त्यांनी रीतसर सगळं विचारलं, जन्मतारीख, इयत्ता, आमच्या शाळेचं पत्र, ओळखपत्र. फोनवर बोलताना कळलं की त्यांच्या शाळेत दरवर्षी सात-आठ मुलं बसतात आणि गठ्ठा दहाचा असल्याने पेपर उरतातच. ते उरलेले पेपर वाया जाण्यापेक्षा कुणाच्या तरी कामी यावेत, एवढा साधा विचार. त्यासाठी त्यांनी प्रिन्सिपलना आधीच्या वर्षीच भेटून बाहेरच्या मुलांची परवानगी घेऊन ठेवलेली, कुणी मागायच्या आधीच.

परीक्षेच्या दिवशी आम्ही अंधारातच निघालो. शाळेच्या ऑफिसात माझं आणि तिचं ओळखपत्र बघितलं, व्हिजिटरचा स्टिकर लावला, आणि सर स्वतः न्यायला आले. खोली बँडच्या वर्गाची होती, एका बाजूला म्युझिक स्टँड ढकलून ठेवलेले, मोठ्या ड्रमवर चादर. खुर्च्या एकमेकींपासून लांब. फोन आणि स्मार्टवॉच एका टोपलीत जमा. फळ्यावर सुरू व्हायची वेळ आणि त्याखाली संपायची वेळ, मोठ्या आकड्यांत. प्रत्येक खुर्चीपुढच्या बाकावर कोऱ्या कागदांची छोटी चळत आणि दोन पेन्सिली, आणि माझ्या लेकीच्या बाकावर इतरांसारखंच तिच्या नावाचं कार्ड, स्पेलिंग बरोबर. आमच्या आडनावाचं स्पेलिंग इथे बरोबर लिहिलेलं मी क्वचित बघते. मला तिथेच थांबवून सर म्हणाले, तुम्ही लायब्ररीत बसू शकता, कॉफी आहे.

बाहेर आली तेव्हा ती माझ्याकडे नाही आली, दोन मुलांशी आणि एका मुलीशी बोलत उभी राहिली, बाविसाव्या प्रश्नाबद्दल, की तेविसाव्या, हातवारे करकरून. पेपरबद्दल ऑनलाईन काही लिहायचं नाही असं सरांनी बजावलं होतं पण आपसात बोलायला मोकळीक होती बहुतेक, कारण सरही त्यांच्यात येऊन उभे राहिले. अर्धा तास आम्ही तिथेच. तिचा स्कोअर कटऑफच्या खाली राहिला त्या वर्षी. त्याबद्दल ती दोन दिवस गप्प होती आणि तिसऱ्या दिवशी न सुटलेले प्रश्न परत घेऊन बसली.

इथे एक अवघड गोष्ट बोलायला हवी. गेल्या काही वर्षांत ह्या स्पर्धेचे पेपर आधीच फुटल्याचे, ऑनलाईन फिरल्याचे प्रकार झालेत. जी पोरं वर्षभर प्रामाणिकपणे राबली त्यांच्यावर हा अन्याय आहे आणि त्याचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण त्या भीतीने शाळा जेव्हा म्हणतात की आता बाहेरचं कुणीच नको, तेव्हा त्याचा भुर्दंड पेपर फोडणाऱ्याला पडत नाही, तो पडतो शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या होमस्कूलवाल्या मुलाला, छोट्या गावातल्या मुलीला. ओळखपत्र बघा, शाळेचं पत्र मागा, टोपलीत फोन घ्या, त्या सरांनी हे सगळं केलंच की. अनोळखी मुलीला खोलीत घेऊनही परीक्षा चोख घेता येते, मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि ज्या मराठी आईवडिलांच्या मुलांच्या शाळेत एएमसी आरामात होते, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या शाळेतल्या त्या शिक्षकांना एकदा विचारा की बाहेरच्या दोन मुलांना बसवाल का. पर्यवेक्षणाला मदत लागत असेल तर कुणीतरी पालक पुढे व्हा, ज्यांचं स्वतःचं मूल त्या खोलीत नाही असे. आपण गणपतीला हॉल मिळवतो, पार्किंगसाठी माणसं उभी करतो, चारशे जणांचं जेवण काढतो. दोन खुर्च्या आपल्याला जड नाहीत. मंडळाच्या ग्रुपवर ऑगस्टमध्ये एक मेसेज टाकला की आमच्याकडे जागा आहे, तर कुणाच्या तरी घरात त्या दिवशी काय होईल हे मी चांगलं सांगू शकते.

शोधणाऱ्यांनी ऑगस्टमध्ये शाळा उघडल्या उघडल्या सुरू करावं, रजिस्ट्रेशनच्या मुदती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघून जातात आणि उशीर झाला की पैसेही जास्त पडतात. ऑफिसच्या जनरल ईमेलवर लिहून काही होत नाही, गणिताच्या शिक्षकांना थेट लिहायचं, छोटं लिहायचं, मुलाचं वय, इयत्ता, आणि पेपर शिल्लक असेल तर बसवाल का एवढंच. आणि एक प्रश्न तेव्हाच विचारून घ्यायचा जो मला पहिल्या वर्षी सुचलाच नसता, सरांनीच आठवण करून दिली म्हणून कळलं. मूल एमीला पात्र झालं तर फेब्रुवारीत ती परीक्षाही तुम्ही घ्याल का? कारण काही ठिकाणी एएमसी घेतात आणि एमीला तीन तास खोली आणि माणूस देता येत नाही म्हणतात, आणि मग पात्र झालेलं मूल ऐन बर्फात परत जागा शोधत फिरतं.

यंदा आमच्या गावच्या शाळेत एएमसी होणार आहे. व्हॉलीबॉलवाल्या त्याच बाई कॉम्पिटिशन मॅनेजर झाल्यात. दीड तासावरच्या सरांनी त्यांना फोन करून अर्धा तास सगळं समजावलं, काय भरायचं, काय छापायचं, किती वेळ लागतो, आणि त्या मला म्हणाल्या की हे एवढंच असेल तर मी आधीच केलं असतं. एक गठ्ठा घेतलाय. शाळेतली सहा मुलं आहेत, त्यात तो शेतकऱ्याचा मुलगा आहे, कापणीच्या दिवसांत त्याला कुठे जावं लागणार नाही, नेहमीच्या बसने यायचं आहे. उरलेल्या चार जागांसाठी बाईंनी आसपासच्या तीन शाळांना आणि एका होमस्कूल ग्रुपला स्वतःहून कळवलंय, दोन नावं आली आहेत. एमीची खोली फेब्रुवारीसाठी प्रिन्सिपलकडून आत्ताच लिहून घेतलीये.